रूळ, रीळ आणि हिशेब

तीन माणसे एका ओसाड स्टेशनावर गाडीची वाट पाहत आहेत. एकाच्या टोपीवर वरच्या टाकीतले पाणी ठिबकते आहे. दुसरा बोटे मोडतो आहे. तिसऱ्याच्या तोंडावर माशी बसते, तो तिला फुंकर मारतो, ती पुन्हा बसते, शेवटी तो तिला पिस्तुलाच्या नळीत कोंडतो. संवाद जवळजवळ नाहीत, पार्श्वसंगीतही नाही. सतत ऐकू येते ती वंगण न घातलेल्या पवनचक्कीची करकर. हे दहा मिनिटांहून जास्त वेळ चालते. मग गाडी येते, जाते, आणि रुळांच्या पलीकडे उभा असलेला माणूस या तिघांना काही सेकंदांत संपवतो.

सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने पळते. म्हणजे दहा मिनिटांच्या १४,४०० फ्रेम. चौदा हजारांहून जास्त छायाचित्रे एकामागून एक डोळ्यांसमोरून जातात आणि त्यांत घडते काय, तर एक माशी पकडली जाते. सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाचा १९६८ सालचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ असा सुरू होतो. ‘शोले’ तोंडपाठ असलेल्या, पण वेस्टर्न म्हणून एकही सिनेमा धड न पाहिलेल्या माझ्यासारख्या नवी मुंबईकराला पहिल्यांदा वाटते, चित्र अडकले की काय. मग लक्षात येते की हा सिनेमा गोष्टीपेक्षा मापांवर उभा आहे. किती वेळ, किती अंतर, किती मोठा चेहरा, किती माणसे. एकदा मोजायला बसले की हिशेब हा सिनेमा जिथे चित्रित झाला त्या स्पेनमध्ये थांबत नाही. तो पनवेलला येतो आणि तिथून खंडाळ्याचा घाट चढतो.

३८५ मीटर उंचीचा माणूस

हा सिनेमा टेक्निस्कोप नावाच्या पद्धतीने चित्रित झाला. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एरवी एक फ्रेम चार छिद्रांएवढी उंच असते, टेक्निस्कोपमध्ये दोनच छिद्रांएवढी. त्यामुळे एक फूट फिल्मवर १६ ऐवजी ३२ फ्रेम बसतात आणि फिल्मचा खर्च निम्मा होतो. वर चित्रही आपोआप लांबट, आडवे मिळते. ज्या रुंद पडद्याला आपण वेस्टर्नचा थाट समजतो, तो मुळात काटकसरीतून निघाला आहे.

ही निगेटिव्ह फ्रेम असते साधारण २२ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम साडेनऊ मिलिमीटर उंच. क्षेत्रफळ दोन चौरस सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी. ती २२ मीटर रुंदीच्या पडद्यावर टाकली तर रुंदी हजार पटीने वाढते आणि क्षेत्रफळ दहा लाख पटींनी.

शेवटच्या द्वंद्वात नायक चार्ल्स ब्रॉन्सनचे डोळे पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरतात. माणसाच्या दोन डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांमधले अंतर साधारण दहा सेंटिमीटर. ते २२ मीटर झाले, म्हणजे २२० पट. त्याच प्रमाणात अख्खा माणूस उभा केला तर पावणेसहा फुटांचा गडी ३८५ मीटर उंच होईल, आयफेल टॉवरच्या वर पन्नासेक मीटर. वाळवंट दाखवण्यासाठी आणलेल्या पडद्यावर लिओने माणसाची पापणी दाखवतो आणि ती वाळवंटाहून मोठी वाटते. नवख्या प्रेक्षकाला चक्रावून टाकणारी पहिली गोष्ट ही. इथे डोंगर लहान आहेत आणि चेहरे अवाढव्य.

एका घोडागाडीत दोन खंड

क्लॉडिया कार्डिनालेने रंगवलेली जिल न्यू ऑर्लिन्सहून नवऱ्याकडे राहायला येते. स्टेशनावर उतरते, घोडागाडी करते आणि स्वीटवॉटर नावाच्या शेतावर जायला निघते. गाडी गावाबाहेर पडते, लाल खडकांच्या उत्तुंग सुळक्यांमधून जाते आणि शेतावर पोहोचते. पडद्यावर ही काही मिनिटांची रपेट आहे.

प्रत्यक्षात गाव उभारले होते दक्षिण स्पेनमध्ये, ग्रानाडा प्रांतात. लाल सुळके अमेरिकेतल्या युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरचे, मॉन्युमेंट व्हॅलीचे. आणि शेत पुन्हा स्पेनमध्ये, अल्मेरिया प्रांतात. दोन्ही टोकांत आठ हजारांहून जास्त किलोमीटर आणि मध्ये अटलांटिक महासागर. गाडीचा घोडा न थकता हा समुद्र दोनदा ओलांडतो. आपल्याला कुठे शिवण दिसत नाही, कारण एन्निओ मोरिकोनेचे संगीत तिन्ही जागांवरून अखंड वाहत असते. हे संगीत चित्रीकरणाच्या आधीच तयार होते आणि सेटवर वाजवले जात होते. नट त्याच्या तालावर चालत आणि कॅमेरा त्याच्या लयीत वर उचलला जाई.

पैशाचा आकडाही पाहण्याजोगा आहे. सिनेमाचा खर्च सुमारे ५० लाख डॉलर. १९६८ साली डॉलर साडेसात रुपयांना होता, म्हणजे पावणेचार कोटी रुपये. सात वर्षांनी आलेल्या ‘शोले’चा खर्च सुमारे तीन कोटी. लिओनेच्या मागे हॉलिवुडची पॅरामाउंट कंपनी होती आणि ‘शोले’चे दिग्दर्शक रमेश सिप्पी यांच्या मागे मुंबईचे वितरक, तरी दोन्ही आकडे एकाच घरातले निघतात.

अमेरिकेत हा सिनेमा थंड पडला. फ्रान्समध्ये मात्र त्याची जवळपास दीड कोटी तिकिटे विकली गेली, तीही देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या घरात असताना. दर दहा माणसांमागे जवळजवळ तीन तिकिटे.

पनवेलच्या रुळांवर सात आठवडे

लिओनेच्या सिनेमात एक कुटुंब अंगणात मेजवानीची तयारी करत असते. रातकिड्यांचा आवाज एकाएकी बंद पडतो, पाखरे उडतात आणि गोळ्या सुटतात. शेवटी एक लहान मुलगा मारेकऱ्यासमोर उभा राहतो. गोळीचा आवाज आणि लगेच रेल्वेची शिट्टी. ‘शोले’मधले ठाकूरचे घर, तो मुलगा आणि त्या गोळीनंतर येणारी गाडी आठवून पाहा. पहिल्यांदाच लिओने पाहणारा मराठी प्रेक्षक इथे ताठ बसतो. त्याला जे आपले वाटत होते त्याचा उगम समोर असतो. रमेश सिप्पी आणि सलीम-जावेद यांच्यावरचे वेस्टर्नचे ऋण कधी लपून राहिलेले नाही.

हे ऋण नवी मुंबईच्या हद्दीला येऊन भिडते, कारण ‘शोले’मधला मालगाडीवरचा दरोडा पनवेलजवळच्या रुळांवर चित्रित झाला. रामगढ वसवले गेले कर्नाटकातल्या रामनगरला, बंगळूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, आणि ते उभारले राम येडेकर या मराठी कलादिग्दर्शकाने. डाकू घोड्यांवरून गाडीचा पाठलाग करतात ती माती मात्र रायगडची, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याची. दोन जागांमधले अंतर आठशे किलोमीटरच्या आसपास. लिओनेने महासागर ओलांडला, सिप्पींनी सह्याद्री आणि दख्खन.

या एका प्रसंगाला सात आठवड्यांहून जास्त काळ लागला. ब्रिटनहून स्टंटचे जाणकार आणले होते. सात आठवडे म्हणजे ४९ दिवस. पडद्यावर प्रसंग दहा मिनिटांचा धरला, तर एका दिवसाच्या कष्टातून हाती लागले १२ सेकंद. मोटारसायकलवरच्या पाच मिनिटांच्या गाण्याला २१ दिवस लागले, म्हणजे दिवसाला १४ सेकंद. जया भादुरी संध्याकाळी दिवे लावते आणि मालवते, त्या दोन छोट्या दृश्यांना २० दिवस गेले, कारण हवा तो मावळतीचा उजेड रोज काही मिनिटेच मिळे.

१९७३ ते १९७५ या काळात पनवेल म्हणजे तालुक्याचे गाव, भाताची शेते आणि मिठागरे होती. नवे शहर वसवण्यासाठी स्थापन झालेल्या सिडकोला तीन ते पाच वर्षे झाली होती आणि नवी मुंबई बरीचशी नकाशावरच होती. पहिली लोकल खाडी ओलांडून वाशीला आली १९९२ साली, पनवेलला त्याहूनही नंतर. म्हणजे पनवेलजवळ घोडेस्वारांनी गाडी लुटली, आणि लोकलने ऑफिसला जाणारा पहिला पनवेलकर त्यानंतर वीसेक वर्षांनी डब्यात चढला.

९१ किलोमीटर फिल्म आणि एक कात्री

‘शोले’साठी सुमारे तीन लाख फूट फिल्म खर्ची पडली. किलोमीटरमध्ये ती भरते ९१.४. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो आणि किवळ्याला संपतो, लांबी ९४.५ किलोमीटर. कळंबोलीपासून ही फिल्म रस्त्यावर अंथरत गेलात तर घाट चढून, लोणावळा मागे टाकून, शेवटच्या तीन किलोमीटरपर्यंत ती पुरेल.

हा डोंगर ज्याच्या टेबलावर येऊन पडला तो माणूस मराठी होता, संकलक माधव एस. शिंदे, श्रेयनामावलीत एम. एस. शिंदे. त्यांनी तीन लाख फुटांचे आधी वीस हजार केले आणि सेन्सॉरच्या कात्रीनंतर अठरा हजार. फुटाला १६ फ्रेम धरल्या तर समोर ४८ लाख छायाचित्रे होती, त्यांतली २ लाख ८८ हजार राहिली. मिनिटाला ९० फूट या वेगाने सगळी फिल्म बसून पाहायची तर साडेपंचावन्न तास लागतील, तेही एकदाच आणि न थांबता. राहिलेले अठरा हजार फूट भरतात २०० मिनिटे, म्हणजे साडेपाच किलोमीटर. बेलापूर ते पेंधर या नवी मुंबई मेट्रोच्या अकरा किलोमीटरच्या मार्गाची निम्मी लांबी. दर १७ फुटांतले १६ फूट शिंद्यांनी फेकले. ‘शोले’ला फिल्मफेअरची नऊ नामांकने मिळाली आणि पारितोषिक एकच, संकलनाचे. आकडे पाहिले की परीक्षकांचा तेवढा निर्णय तरी पटतो.

मग ३५ मिलिमीटरची ही प्रतिमा ७० मिलिमीटरवर मोठी करून घेतली गेली, कारण खरा ७० मिलिमीटरचा कॅमेरा परवडणारा नव्हता. इथेही वेस्टर्नचा तोच धडा दिसतो, भव्यपणा काटकसरीतून काढायचा. १५ ऑगस्ट १९७५ ला लॅमिंग्टन रोडवरच्या ‘मिनर्व्हा’त लागलेला सिनेमा तिथून उतरला २८६ आठवड्यांनी, म्हणजे २,००२ दिवसांनी. पन्नास वर्षांनी, २७ जून २०२५ रोजी, त्याची नव्याने जतन केलेली प्रत मूळ शेवटासह दाखवली गेली ती इटलीत, बोलोन्याच्या चौकात, लिओनेच्या देशात. उधारी मुद्दलासकट फिटली म्हणायला हरकत नाही.

गोष्टीतला रूळ

इतका वेळ सिनेमा कसा बनला याचे आकडे पाहिले. आता गोष्टीकडे. नवी मुंबईत राहणाऱ्याला ती परकी वाटतच नाही.

जिल शेतावर पोहोचते तेव्हा नवरा आणि त्याची तीन मुले अंगणातल्या टेबलांवर मरून पडलेली असतात. ती आता त्या ओसाड जमिनीची मालकीण आहे. ही जमीन कोणाला का हवी, हे हळूहळू उलगडते. तिथे पाणी आहे. वाफेच्या इंजिनाला दर थोड्या अंतरावर हजारो लिटर पाणी लागे, आणि वाळवंटात पाणी असलेली जागा म्हणजे उद्याचे स्टेशन, परवाचे शहर. नवऱ्याने हे वर्षांपूर्वी ओळखून जमीन घेतली होती. अट एकच, रूळ तिथवर येण्याआधी स्टेशन उभे राहिले पाहिजे, नाहीतर हक्क बुडाला. रेल्वेचा मालक मॉर्टन याला ही जमीन हवी आहे आणि त्यासाठी त्याने हेन्री फोंडाला, म्हणजे निर्दय फ्रँकला, पाळले आहे. जमिनीचा लिलाव होतो आणि ती जाते पाच हजार डॉलरला. ते पैसे येतात शायॅन या दरोडेखोराच्या डोक्यावरच्या इनामातून.

म्हणजे बंदुका, टोप्या आणि घोडे बाजूला सारले तर उरते काय? रेल्वेची आखणी, आधी माहिती मिळालेला माणूस, जमिनीचा भाव आणि दुरून येऊन नवऱ्याचे अर्धवट काम अंगावर घेणारी विधवा. वेस्टर्नमध्ये हे कल्पित आहे. पनवेलहून दिसणाऱ्या डोंगरांत मात्र हे खरेच घडले आहे.

भोर घाटातली ॲलिस

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ३४ किलोमीटर. पुढे पुण्याला जायचे तर वाटेत सह्याद्री उभा. कर्जतच्या बाजूने खंडाळ्याकडे चढणाऱ्या भोर घाटाचे काम १८५६ च्या सुरुवातीला सुरू झाले. सुमारे २५ किलोमीटर लांबीत १,८३१ फूट चढायचे, बोगदे २५, मोठे पूल आठ. जिथे सर्वांत खडी चढण आहे तिथे ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर.

पहिला कंत्राटदार विल्यम फेविएल. थकलेल्या मजुरीवरून १८५९ च्या सुरुवातीला मजुरांचा दंगा झाला आणि त्याने काम सोडले. मग सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्लंडमधला नावाजलेला कंत्राटदार १८५९ च्या सप्टेंबरात बायकोला घेऊन मुंबईत उतरला आणि पंधरवड्यातच वारला. त्याची बायको ॲलिस पुढच्या बोटीने परत जाऊ शकली असती. तिने कंत्राट स्वतःकडे घेतले, देखरेखीला अनुभवी माणसे नेमली आणि १८६३ साली घाट पुरा करून दिला. ॲलिसचा काळ जिलच्या काळाच्याही आधीचा. जिल ज्या स्टेशनची मालकीण होते ते लाकडी फळ्यांचे. ॲलिसच्या वाट्याला हिंदुस्थानातला तोवरचा सर्वांत अवघड रेल्वेघाट आला होता.

कामाचा जोर सर्वांत जास्त असताना घाटात ४२ हजार मजूर राबत होते. अमेरिका आडवी कापणारा रेल्वेमार्ग बांधताना पश्चिमेकडून येणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीकडे बहुतेक वेळ याच्या निम्म्यानेही माणसे नव्हती. तिला शेकडो मैल जायचे होते, इथे सारे मिळून २५ किलोमीटर.

माणशी चार मीटर, माणशी पाव मिलिमीटर

त्याच सेंट्रल पॅसिफिकने २८ एप्रिल १८६९ ला युटामध्ये एक विक्रम केला. सुमारे चार हजार माणसांनी बारा तासांत दहा मैल ५६ फूट रूळ टाकला, म्हणजे १६ किलोमीटर. त्याला लागले २५,८०० स्लीपर आणि ३,५२० रूळ. एक रूळ अडीचशे किलोंचा. हे सगळे रूळ गाडीवरून उचलून जागी ठेवले ते आठ जणांनी. एकूण वजन ८९० टनांहून जास्त, म्हणजे एकेकाच्या वाट्याला दिवसभरात ११० टन लोखंड. या आठही जणांची नावे इतिहासात नोंदलेली आहेत.

माणशी हिशेब काढला तर दिवसाला चार मीटर. आता भोर घाट. सव्वासात वर्षांत २५ किलोमीटर म्हणजे दिवसाला दहाएक मीटर. ऐन भरातले ४२ हजार मजूर धरले तर माणशी, दिवसाला, पाव मिलिमीटर. अर्थात युटात जमीन आधीच सपाट करून ठेवली होती, त्या दिवशी फक्त रूळ टाकले. घाटात काळा बेसॉल्ट हाताने छिन्नीने फोडायचा होता आणि बंदुकीच्या दारूचे सुरुंग उडवायचे होते. अमेरिकेतही सिएरा नेवाडाच्या माथ्यावरचा अर्ध्या किलोमीटरचा बोगदा खोदायला चिनी मजुरांना दोनेक वर्षे लागली. खडक कुठलाही असो, तो माणसाला इंचांनीच वाट देतो. आजचा हिशेब शेजारीच आहे. पनवेल–कर्जत लोकल मार्गावरचा वावर्ले बोगदा एकटाच २,६२५ मीटरचा आहे. भोर घाटातल्या पंचविसांची बेरीज याहून फक्त किलोमीटरभर जास्त.

कॉलरा, ताप, दरडी, सुरुंग. भोर घाटात किती माणसे मेली याचा इतिहासकारांचा अंदाज सुमारे २५ हजारांपर्यंत जातो. लांबी २५ किलोमीटर. म्हणजे दर मीटरला एक. डेक्कन क्वीन घाटात ताशी पन्नास किलोमीटरने गेली असे धरले, तर दर सेकंदाला चौदा माणसे.

लिओनेने तीन भाडोत्री मारेकऱ्यांना, ज्यांची नावेही आपल्याला नीट कळत नाहीत, मरण्याआधी दहा मिनिटे दिली. त्यांच्या टोपीवरचे पाणी, बोटांचा आवाज, तोंडावरची माशी दाखवली. त्याच दराने भोर घाटातल्या २५ हजारांना वेळ द्यायचा म्हटले तर सिनेमा होईल १,३८९ तासांचा. रात्रंदिवस चालवला तरी ५८ दिवस. शिंद्यांपुढे आलेल्या फिल्मच्या पंचवीस पट.

३४४ चौरस किलोमीटरचे स्वीटवॉटर

आखणी आधी, जमीन मग आणि माणसे शेवटी, हा वेस्टर्नचा क्रम नवी मुंबईला पाठ आहे. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आखले गेले. त्यात ९५ गावे होती, भातखाचरे, मिठागरे, खाडीची मासेमारी. स्वीटवॉटर हे एकच शेत होते आणि त्यासाठी लिओनेला पावणेतीन तास लागले. इथे ९५ गावांची गोष्ट आहे.

तिच्यातही गोळ्या आहेत. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी जमिनीच्या भावासाठी रस्त्यावर उतरले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलीस गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत. शंभर एकर गेले तर साडेबारा एकर आले. लिओनेच्या लिलावात भाव एका माणसाच्या डोक्यावरच्या इनामाने ठरला, इथे पाच माणसांच्या मरणानंतर एक टक्केवारी ठरली.

हा क्रम आता विमानतळापर्यंत आला आहे. २५ डिसेंबर २०२५ ला पहिली प्रवासी विमाने उडाली, ती १,१६० हेक्टरांच्या मैदानावरून. त्यासाठी दहा गावठाणे हलली, उलवे नदीने वाट बदलली आणि ९२ मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून उतरवली गेली. आधी माहिती मिळणारे, जमीन धरून बसणारे, भाव वाढवणारे, सगळी पात्रे आपापल्या जागी आहेत. मॉर्टन तर प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी असतोच.

म्हणून वेस्टर्नशी पहिली ओळख होताना मोठेपणाचे जे आश्चर्य वाटते, ते थोडे तपासून घ्यावे. अमेरिकेचे मैदान मोठे, हे खरे. पण आकडे शेजारी ठेवले तर मजूर इथे जास्त, चढ इथे खडा, बळी इथे अधिक, गावे इथे कितीतरी जास्त. लिओनेची करामत अशी की त्याने एका शेतावर, एका बाईवर, तीन क्षुल्लक मारेकऱ्यांवर कॅमेरा रोखून धरला, आणि जग त्याला भव्य म्हणू लागले. ॲलिस ट्रेडवेल, घाटातले २५ हजार, जासईचे पाच आणि ९५ गावे यांची गोष्ट लहान नाही. तिला अजून फुटेज मिळालेले नाही, एवढेच.